माशी बांधायचा पोळपाट

वरणगाव, डिसेंबर १९६९

चुडामणभाऊ, इसाक पिंजाऱ्याचा सलाम आणि रामराम. दोन्ही पाठवतो, हवा तो ठेवून घे. कंबर कशी आहे? धुळ्याची हवा सोसते का? सूनबाई चहा वेळेवर देते का? (देत नसेल तर लिहू नकोस, पत्र टाकायला तिच्याकडेच द्यावं लागत असेल.) आमचं ठीक. मला खोकला, अपचन, आणि तू पुन्हा तापीवर येशील की नाही ही काळजी, एवढंच.

वहिनी गेल्या, तू माळ घातलीस, मासे सोडलेस, मुलाकडे राहायला गेलास. चांगलंच केलंस. पण तेव्हापासून मी काठावर एकटा बसतो आणि मासा लागला तरी दाखवायला कोणी नसतं. अशात कारखान्यातल्या एका साहेबाची गादी भरायला गेलो होतो (ढेकूण होते, पण मोठे लोक, बोललो नाही). साहेब टेबलाशी बसून गळाला पिसं बांधत होता. पाण्यावर टाकलं की ती माशी वाटते आणि मासा झडप घालतो. आणि धरलेला मासा साहेब परत सोडून देतो! आधी वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग घरी येताना रस्त्यात थबकलो. मासा खायचाच नाही, तर चुडामणच्या माळेला बाध कसला?

साहेबाचं गळ धरून ठेवायचं यंत्र विलायती. मी घरातला पोळपाट घेतला, त्यावर तुझ्या अनवरीभाभीची सांडशी उभी ठोकली. तिच्या तोंडात गळ, दांडे आवळायला सायकलच्या ट्यूबचं रबर, बाजूला रिळांसाठी दोन खिळे. त्याच वेळी दूध उतू गेलं. अनवरी सांडशी शोधत आली, तर ती पोळपाटासकट उचलावी लागली. त्या दिवसापासून पोळ्या ताटाच्या पाठीवर लाटतात. पिसांसाठी शेजारच्या सुगंधाबाईचा कोंबडा गाठला. ती गल्लीभर ओरडत फिरली, "माह्या कोंबड्याची शेपूट कोन्या मेल्यानं उपटली?" मीही तिच्याबरोबर चोर शोधला. (पिसं माझ्या टोपीत होती.)

जन्मभर गाद्या भरल्या, त्यामुळे पहिल्या माशीत सवयीनं कापूस भरला आणि कडेनं टाकेही घातले. अनवरी म्हणाली, "ही माशी हाय का माशीची गादी?" माशी पाणी पिऊन तळाला गेली. दुसरी मात्र बिनकापसाची केली, आणि खरं सांगतो, वीतभर मासा लागला. मी सोडून दिला. घाटावरचा परीट म्हणाला, "चाचा, निसटला म्हना ना!" तू असतास तर तूही खोटंच म्हणाला असतास, पण घरी पोचेपर्यंत म्हणत राहिला असतास.

आता पोळपाटाच्या दुसऱ्या अंगाला अनवरीनंच नवी सांडशी आणून ठोकून घेतली आहे. तिथं कोणी बसत नाही.

नातवंडांना दुवा.

तुझा इसाक

ता. क. येताना लाल रेशमाचं रीळ आण. इथलं तुटतं.

दुसरा ता. क. रीळ इथंही मिळतं. विचारायचं वेगळंच होतं. माळ घातल्यापासून तू फक्त मासे सोडलेस, की आमच्या घरचं पाणीही? मासेच असतील तर लगेच कळव, मी फलाटावर येऊन उभा राहतो. पाणीही असेल तर काही लिहू नकोस. टपाल गहाळ झालं असेल, असं मी अनवरीला सांगेन.