तापमान जुळेपर्यंत

आबा, नंदुरबारच्या बाजारात तुमचं स्टो दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे आता काय आहे ते बघायला मी जात नाही. मला तुम्ही अजून तिथेच बसलेले दिसता. स्टो पेटवता, ज्योत निळी होईपर्यंत थांबता, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी हात लावू देत नाही. शाळेत असताना मी एका बाईंना न पेटवताच स्टो देऊन टाकला होता. तुम्ही मला तो परत आणायला तशीच त्यांच्या घरी पिटाळलीत. "जळतांना देखा नही तवलोंग कोनले देवानं नही," म्हणालात. "भडका उडना म्हनजे?" मी वाटभर रडत गेले.

बी.एस्सी. झाल्यावर सुरतेच्या एका कारखान्यात मला आकडेमोडीचं काम मिळालं. नव्या भट्टीत गॅस जळेल तेव्हा आत किती तापेल, ते भट्टी बांधण्याआधी काढायचं. आधी एक तापमान धरायचं, त्याला किती गॅस जळेल ते काढायचं, आणि त्यावरून पुन्हा तापमान. धरलेलं आणि आलेलं जुळलं की संपलं. माझं जुळेना. एकदा फार वर, एकदा फार खाली, आणि दर फेरीला अंतर वाढतच जाई. गणकयंत्राचा दांडा फिरवून खांदा भरून यायचा. साहेब म्हणाले, "सोमवारी आकडा हवा. तेवढ्या उष्णतेला टिकतील अशा विटा मागवायच्यात." मी घाबरून शेवटच्या दोन आकड्यांची सरासरी काढली आणि तेच उत्तर म्हणून दिलं.

त्या आठवड्यात घरी आले. तुम्ही खोकत होता, तरी विचारलंत, "कसं व्हयनं तुन्हं काम?"

"व्हई गयं, आबा."

विटा वितळल्या तर भट्टीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस मला सारखा दिसत होता.

परत गेल्यावर साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "मागणी थांबवतो. पण आज जुळवा." मी ती खोटी सरासरीच धरून नवी फेरी केली, तर अंतर कमी झालं. तेव्हा लक्षात आलं, आलेला आकडा पुरता घ्यायचाच नाही, जुन्याकडून त्याच्याकडे थोडंसं सरकायचं. मग फेरीमागून फेरी अंतर आटत गेलं.

तेवढ्यात शिपायाने तार आणून दिली. तुमची तब्येत बिघडली होती, लगेच निघायचं होतं. दुपारची गाडी मिळाली असती. पण उठले तर सगळं पुन्हा विस्कटेल, या भीतीने मी तार यंत्राखाली सारली आणि आणखी चार फेऱ्या केल्या. आकडा जुळला. गाडी गेली होती. पुढच्या गाडीने पोचले, तोवर तुम्ही गेला होता.

भट्टी नीट चालली, कुणाला इजा झाली नाही. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आबा. आईला मी सांगितलं होतं, तार उशिरा मिळाली. ती वेळेवर मिळाली होती.