पेलाभर पाणी आणि अठराचा ॲव्हरेज

१ मार्च, रविवार
गाडीचा ॲव्हरेज तेरा. मेहुण्यानं हे जेवताना सगळ्यांदेखत काढलं. हा सौ.चा धाकटा भाऊ. ॲम्ब्युलन्स चालवतो, म्हणून ड्रायव्हिंगमधलं सगळं त्यालाच कळतं. सौ. म्हणाली, जरा हळू चालवा की. मी सांगितलं, हळू चालवून ॲव्हरेज कोणीही काढेल, त्याला डोकं लागत नाही. वेग तोच ठेवून चार आठवड्यांत अठरा काढून दाखवतो.

मेहुण्यानं तिथल्या तिथे पैज लावली. अठरा आला तर तो जन्मात माझ्या गाडीबद्दल बोलणार नाही. नाही आला तर गाडीची किल्ली सौ.कडे. तिचं लायसन्स आहे, लग्नाआधीचं. बिचारी हसली. मीही हसलो.

२ मार्च
मेहुण्याचा फोन. म्हणे, डॅशबोर्डवर पाण्यानं भरलेला पेला ठेवा आणि पाणी न सांडता चालवा. दणकून ब्रेक नाही, धसकन ॲक्सिलरेटर नाही. वेग तोच राहतो, पेट्रोल वाचतं. पेशंट मागे असला की तो असाच चालवतो.
उचलली जीभ, लावली टाळ्याला. पेला अधिक पाणी म्हणजे अडीचशे ग्रॅम जादा वजन! शास्त्र कशाशी खातात हे त्याला माहीत नाही.

३ मार्च
वजन हाच खरा शत्रू. गाडीतून काढलं: स्टेपनी, जॅक, छत्री, सौ.ची उशी, टिश्यूचा डबा. सौ. म्हणाली, टायरमध्ये हवा कमी वाटते. हवेलाही वजन असतं, हे तिला समजावलं.

५ मार्च
वाऱ्याचा अडथळा नको म्हणून काचा बंद. पेट्रोल वाचावं म्हणून एसीही बंद. ऑफिसला पोचलो तेव्हा साहेबांनी विचारलं, पोहून आलात का?

७ मार्च, शनिवार
एकशेदहा किलोमीटर, दहा लिटर. अकरा.
पहिला आठवडा धरायचा नसतो. इंजिनला नवीन वळण लागायला वेळ लागतो.

८ मार्च, रविवार
रात्रभर विचार केला. गाडीत अजून एक वजन आहे. बासष्ट किलो. रोज तिला ती काम करते त्या लॅबपाशी सोडतो.
सौ.ला सगळं नीट, आकड्यांनिशी सांगितलं. तिनं वहीतले आकडे पाहिले. मग म्हणाली, बरं, उद्यापासून बसनं जाते. किती समजूतदार! मीही त्याग करणार. रोज पहाटे सहा ते सात चालायचं, माझे चौऱ्याऐंशी पंच्याहत्तरवर आणायचे.

१० मार्च, सकाळी सात
चाललो. म्हणजे बागेपर्यंत. पुढे बाकावर बसून दीर्घ श्वसन. सोबत बिस्किटं, कारण रिकाम्या पोटी श्वसन घातक.
परत आलो तर गाडीचं बॉनेट कोमट. हवा तापू लागली आहे.

११ मार्च
सिग्नलला इंजिन बंद केलं. हिरवा झाला, गाडी सुरू होईना. मागच्या चौघांनी ढकललं, वर काय काय बोलले. ढकलताना पेट्रोल शून्य लागलं हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

१२ मार्च
ड्रायव्हरची सीट पुढे सरकलेली, गुडघे स्टिअरिंगला लागले. चालण्यानं पाय लांब होतात असं वाचल्याचं आठवत नाही. डॅशबोर्डवर थोडा ओलावा. पुसला. तेवढंच वजन कमी.

१४ मार्च, शनिवार
दोनशे किलोमीटर, दहा लिटर. वीस!!
आधी अकरा, सौ. उतरल्यावर वीस. तिला हे सांगितलं. ती म्हणाली, माझ्यामुळेच झालं म्हणायचं. मोठ्या मनाची बाई.

१८ मार्च
ट्रकच्या मागे चिकटून गेलं की वारा तोच कापतो. ऐंशीच्या वेगानं चिकटलो. भन्नाट अनुभव. ट्रक सिमेंटच्या गोदामात शिरला, मीही शिरलो. वॉचमननं पावती मागितली.

२१ मार्च, शनिवार
या वेळी विसाच्याही वर. वजन मात्र पंच्याऐंशी. काटा बिघडलाय.

२४ मार्च
आरसा खाली झुकलेला. ऐंशीच्या वेगाला आरसेसुद्धा नम्र होतात. ऑफिसात सगळ्यांना माझी पद्धत समजावून सांगितली. अकाउंट्सवाल्यानं विचारलं, बायकोला उतरवायचं हा भाग सक्तीचा आहे का? म्हटलं, पायाच तो आहे.

२८ मार्च, शनिवार
एकूण सातशेवीस किलोमीटर. चाळीस लिटर. अठरा! बरोब्बर अठरा! उद्या मेहुण्याला जेवायला बोलावलंय. त्याचा चेहरा बघायचाय.

२९ मार्च, रविवार
मेहुण्यानं वही पाहिली आणि शांतपणे विचारलं, भाऊजी, ऑफिसचं जाऊन-येऊन अंतर किती? बावीस. दिवस किती? वीस. ट्रकमागचे जादा धरले तरी साडेचारशे. मग उरलेले दोनशेसत्तर कोणी चालवले?
मी म्हणालो, मीटर बिघडला असेल.
सौ.नं पेट्रोलच्या पावत्या टेबलावर ठेवल्या. तीन आठवडे मी चालायला गेलो की मेहुणा येई, शेजारी बसे आणि ही गाडी चालवे. टायरमध्ये हवा भरून, डॅशबोर्डवर पेला ठेवून. जेवढं जाळलं तेवढं पेट्रोल परत भरून गाडी जागेवर. अठरा लिटर, म्हणजे पंधराचा ॲव्हरेज. हायवेला वेगही ऐंशीच.
माझा मग किती? बाथरूममध्ये जाऊन भागाकार केला. साडेचारशे भागिले चाळीस, सव्वाअकरा. पैजेआधी तेरा होता.
किल्ली दिली. मेहुण्यानं माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली, हे जास्त लागलं.

३० मार्च, सोमवार
सौ. गाडी चालवते. पेला काठोकाठ भरलेला. चौक, वळणं, हायवे, थेंब सांडला नाही. मनापासून कौतुक वाटलं, आणि तसं म्हणालोही.
बसस्टॉपपाशी तिनं गाडी अलगद थांबवली. म्हणाली, अहो, चुकीचं समजू नका, पण पंच्याऐंशी किलो. मग माझीच वही काढून आकडे दाखवले. हिशेबात खोट काढता येईना.
उतरलो. पेला गाडीत राहिला.
बसमध्ये बसायला जागा नाही. तीन आठवडे ही रोज अशी उभ्यानं गेली, हे आज उभं राहिल्यावर कळलं. वाईट वाटलं. उद्यापासून पहाटे खरंच चालायचं. बिस्किटं फक्त दोन.