आपण म्हणजे कोण?

३ जून
निवृत्तीला तीन महिने झाले. मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावणं थांबवावं असं हिचं म्हणणं. म्हणून समाजसेवा. ज्यांना बौद्धिक अपंगत्व आहे त्यांच्या बाजूने कचेऱ्यांत उभं राहणाऱ्या संस्थेत नाव नोंदवलं. पदाचं नाव ‘पाठीराखा’. बत्तीस वर्षं विमा ऑफिसात लोकांचे अर्ज लिहिले. दुसऱ्याच्या वतीने बोलणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

७ जून
ट्रेनिंग. संस्थेच्या बाई म्हणाल्या, पाठीराखा पाठीशी उभा राहतो, पुढे नाही. शिवाय ‘आपण आता जेवायचं हं’ असलं लहान मुलांशी बोलतात तसलं ‘आपण’ वापरू नका, ‘तुम्हाला काय हवंय’ असं सरळ विचारा. पटलं नाही. ‘आपण’मध्ये आपुलकी असते. टिपून घेतलं नाही.

१० जून
ज्यांचा मी पाठीराखा, त्यांची पहिली भेट. वय एकेचाळीस. इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालतात. चारही कोपरे असे जुळवतात की सगळे त्यांना घडीमास्तर म्हणतात. बहिणीकडे राहतात. भाच्याचं लग्न ठरलंय, खोली लागणार, म्हणून बहीण त्यांना शहराबाहेरच्या निवासी केंद्रात पाठवायचं म्हणते. तिकडे गेले की नोकरी सुटली. अठ्ठावीसला अपंग कल्याण कचेरीत साहेबांपुढे बैठक, तिथेच निकाल. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, आपण काळजी करायची नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं. आणखी कोणी आलंय असं वाटलं असावं.

१६ जून
आपली मागणी पक्की केली: आपण बहिणीकडेच राहायचं. घडीमास्तर मध्येच इस्त्रीवाल्याचं काहीतरी सांगायला लागले. लाँड्रीतला त्यांचा जोडीदार. त्याच्या खोलीत दोन खाटा आहेत वगैरे. मला दाढदुखीसाठी डॉक्टरांकडे जायचं होतं. त्यांना विषयावर आणलं.

२१ जून, दुपारी
भाषण तयार. सात पानं. हिला वाचून दाखवलं. तिसऱ्या पानाला ती कुकर बंद करायला म्हणून उठली ती आलीच नाही. कुकर लावलेलाच नव्हता, हे नंतर कळलं.

२७ जून
घडीमास्तरांना सूचना: स्वच्छ शर्ट, नुसतं शेजारी बसणे. काही बोलायचं आहे का, असंही विचारलं. ते विचार करत होते तेवढ्यात बस आली.

२८ जून, दुपारी ४
बैठक झाली. जे घडलं ते लिहितो. पाच पानं उत्तम गेली. मग मी म्हटलं, आपल्याला केंद्रात जायचं नाही, आपण बहिणीकडेच राहणार. साहेबांनी विचारलं, आपण म्हणजे कोण? मी म्हटलं, आम्ही दोघं. बहीण उसळली, तुम्हीही आमच्याकडे मुक्कामाला येणार की काय? शिपाईसुद्धा हसला. मी सावरून घेतलं, म्हणजे आपण एकच हो.

तेव्हा घडीमास्तर उभे राहिले. म्हणाले, आपण नाही. मी.

मी सहावं पान उलटलं. साहेबांनी हाताने मला गप्प केलं. मग घडीमास्तर म्हणाले की लाँड्री सोडायची नाही, बहिणीकडे राहायचं नाही, इस्त्रीवाल्याच्या खोलीत राहायचं. तो बाहेर बाकावर बसलाय, बोलावू का? बोलावलं. तोही हो म्हणाला. साहेब म्हणाले, मी तर ‘बहिणीकडे’ असं लिहून सही करणार होतो, आधी का नाही सांगितलंत? घडीमास्तर म्हणाले, सांगत होतो.

तीन महिने तिथे राहून पाहावं, असा निकाल. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. केंद्रात पाठवायला माझं पण मन तयार नव्हतं, पण दुसरं काही सुचेना, म्हणाली. इतक्या दिवसांत तिलाही हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

२८ जून, संध्याकाळी
शांतपणे विचार केला. यश भाषणाचंच. मी एवढं बोललो नसतो तर ते उठलेच नसते. हिला सांगितलं. ती इतकी हसली की ठसका लागला.

१२ जुलै
संस्थेत गेलो. घडीमास्तरांचा अभिप्रायाचा फॉर्म आलाय. सांगितलंय त्यांनी, लिहिलंय इस्त्रीवाल्याने. पाठीराखा पुढेही हवा आहे का? नाही. ठीक आहे, काम फत्ते झालं. पुढचा प्रश्न: त्यांच्याशी ओळख ठेवायला आवडेल का? उत्तर: विचार करून सांगतो.

फॉर्मवर तारीख एकची. आज बारा, अजून विचारच चालू आहे. मधल्या काळात लाँड्रीवरून दोनदा गेलो, सहजच. खिडकीतून दिसले. चादरी चालू होत्या. वाईट वाटलं, आता खोटं कशाला लिहू. मला तो माणूस आवडतो. बाईंना म्हटलं, यात विचार कसला करायचाय, मी ओळखतो त्यांना, आपण ‘हो’ लिहून टाकू.

बाईंनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं.