झोळीवरचा फ्लेक्स

प्रिय आबा,

परवा गाडी भरायची आहे. ऊसतोडीच्या मुकादमाचा निरोप आला, भांडीकुंडी पोत्यात गेली, आणि आज दुपारी मी अंगणात तुमच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स पसरून बसले आहे. हातात कात्री आहे. गौरीच्या झोळीवर बांधायला छत करायचंय आणि घरात एवढं मोठं दुसरं कापड नाही. कात्री चालवायच्या आधी तुमच्याशी एकदा भांडून घ्यावं म्हटलं, म्हणून हे पत्र.

रडत नाही मी. रडायचं तेव्हा रडून झालं. आता राग उरलाय, आणि तो सांगू कुणाला? तुमच्या जावयाला सांगायला गेले तर म्हणतात, "मेलेल्या मानसावर कशापायी चिडती?" जिवंतपणी तुम्ही ऐकून घेतलं असतं तर आता चिडले असते का?

गेल्या हंगामात तुम्ही आमच्याबरोबर फडावर आलात ते तुमच्या नातीला, गौरीला सांभाळायला. आई नाही, सासू नाही, तान्ही पोर ठेवणार कुणाजवळ? आम्ही दोघं ऊस तोडायचो आणि तुम्ही बांधावरच्या बाभळींना लुगड्याची झोळी बांधून झोका द्यायचात. गेल्या गेल्या तुम्ही झोळीवर छत केलं. काय हात होता तुमचा! कोपऱ्याला भोक न पाडता आतून गोल खडा धरायचा आणि त्याच्या मागून दोरीचा फास आवळायचा, म्हणजे कोपरा फाटत नाही. दोरी आणि खुंटीच्या मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा, म्हणजे वाऱ्यानं छत ताणलं तरी दोरी तुटत नाही. हे सगळं मी तुमच्याकडूनच शिकले. मग मधली दोरी तेवढी कशी विसरलात?

विसरला नव्हतात, तेच तर दुखतं. झोळीच्या वरून एक दोरी ताणायची, कापड तिच्यावर टाकायचं आणि दोन्ही अंगांना उतार द्यायचा, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. पण तुमचं कापड म्हणजे साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, शिरूरच्या चौकातून तुम्ही स्वतः जपून उतरवून आणलेला. मी म्हटलं होतं, "आबा, उतार द्या त्याला."

तुम्ही म्हणालात, "साहेबाच्या तोंडावर घडी कशी पाडू ग? आन अर्धं डोकं खाली लोंबायचं. लोक काय म्हनतील?"

कुठले लोक, आबा? त्या परमुलखातल्या फडात आपल्या टोळीशिवाय होतं कोण?

"आडवंच राहू दे," तुम्ही म्हणालात. "आभाळ हाय का कुठं?"

आणि मांडवासारखं चारी कोपऱ्यांनी सपाट बांधून टाकलंत. उन्हानं रंग उडू नये म्हणून चित्र खालच्या अंगाला. माझी पोर दिवसभर उताणी पडून साहेबांचं तोंड बघायची आणि त्या तोंडाकडे बघून हसायची. तुम्ही साऱ्या टोळीला बोलावून दाखवायचात, "बघा, साहेबाला वळखती." साहेब तुम्हाला ओळखत होते का? उभा जन्म त्यांच्या सभेच्या सतरंज्या उचलल्यात. एकदा तरी त्यांनी नावानं हाक मारली?

मग ती अवकाळी आली. मी फडाच्या पार दुसऱ्या टोकाला होते, धावत आले तोवर छताला पोट सुटलेलं. पाणी उतरायला जागाच नव्हती ना! ते पोट खाली खाली येत झोळीला टेकायला आलेलं आणि तुम्ही खाली उभं राहून दोन्ही हातांनी ते वर उचलून धरलेलं. हे मागून ओरडत होते, "आबा, कोयत्यानं भोसका त्याला! पानी जाऊ द्या!" कोयता तुमच्या पायाशीच पडला होता. तुम्ही काय म्हणालात आठवतं?

"न्हाई, न्हाई. थांबा जरा. वसरल पाऊस."

पाऊस ओसरला नाही. एका कोपऱ्याची दोरी तुटली आणि सगळं पाणी झोळीत कोसळलं. मी पोरगी बाहेर ओढली, तेव्हा तिच्या तोंडातून आवाज निघत नव्हता. तिला पालथी धरून पाठ चोळत होते, तेवढ्यात मान वळवून तुमच्याकडं बघितलं. तुम्ही चिखलात पडलेला फ्लेक्स उचलून उपरण्यानं साहेबांचं तोंड पुसत होतात.

ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आज तुम्हालाच सांगते.

पोरगी वाचली. पण थंडी पडली की अजून तिची छाती घरघरते. डॉक्टर म्हणाले, पुन्हा भिजली तर आमच्याकडं धावत येऊन उपयोग होईलच असं नाही. हे तुम्ही माझ्या शेजारी बसून ऐकलंत. बाहेर आल्यावर म्हणालात, "साहेबाला सांगून मोठ्या दवाखान्यात दाखवू." ते दाखवणं झालंच नाही. पावसाळ्यात तुम्हीच आजारी पडलात आणि त्याच साहेबांना फोन लावत राहिलात. दर वेळी पलीकडून कुणीतरी म्हणायचं, साहेब बैठकीत आहेत. फोन ठेवला की तुम्ही मला समजवायचात, "लई कामं आस्त्यात ग त्येंना."

फ्लेक्स मात्र राख सावडायच्या आत फाट्यावर लागला. वर ओळीनं साहेब आणि त्यांची माणसं, सगळी हसणारी. मधे तुम्ही, माझ्या लग्नातल्या फोटोतून कापून काढलेले, खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात तसाच राहिलेला. साहेब काही आले नाहीत. तेरावा झाल्यावर हा फ्लेक्स मीच उतरवून आणला.

आता तो माझ्यासमोर आहे. मधल्या दोरीची जागा मी सुतळीनं आखून बघितली. ती आडवी, बरोबर तुमच्या नाकावरून, या कानापासून त्या कानापर्यंत जाते. तुम्हाला वाचवावं म्हणून घडी जरा बाजूला सरकवून पाहिली, तर एक बाजू तोकडी पडते आणि झोळीचं एक अंग उघडं राहतं. कितीदा तरी सरकवलं. साहेबांना घडीसुद्धा पडत नाही, ते वरच्या कडेला आहेत ना, नुसते लोंबतील. चुरगळणार तुम्हीच. तुम्ही मेल्यावरही त्यांचं काही बिघडत नाही, तुमचंच बिघडतं. कसं जमवलंत हो हे?

तुमचं तोंड कापून बाजूला ठेवावं असंही मनात आलं. पण मग छताला मधोमध भोक पडतं.

म्हणून घडी तुमच्यावरूनच घालतेय. कापड दोरीवरून सरकू नये म्हणून घडीच्या दोन्ही टोकांना बांधायला खिळा तापवून भोकं पाडीन, कोपऱ्यांत खडे धरीन, ट्यूबचे तुकडे बांधीन, बाकी सगळं तुम्ही शिकवल्यासारखं. हात तुमचाच आहे माझा, तो टाकून देता येत नाही. तुमच्यावर माया होती आबा, अजून आहे, म्हणूनच एवढं कडू लिहितेय.

एक वचन देते. पाऊस आला तर मी आधी पोरगी उचलीन. तुमचं तोंड चिखलात पडलं तर पडू देईन, आणि तिचं अंग कोरडं होईपर्यंत त्याला हात लावणार नाही.

तुमचीच लेक,
सुमन