चेटकिणीचा टँकर

सिस्टर, स्वयंपाकघराच्या पायरीवर आपण दोघी रेशनची परदेशी ज्वारी, तो लाल मिलो, निवडत बसलो होतो, ती दुपार आज पुन्हा आठवली. दुष्काळाचं वर्ष. सुपातले खडे बाजूला टाकता टाकता तुम्ही मला आमच्या नाटकाची गोष्ट समजावत होता. दोन सरदार लढाई जिंकून परत येतात, माळावर त्यांना तीन चेटकिणी भेटतात. एकाला म्हणतात, तू राजा होशील. दुसऱ्याला म्हणतात, तुझी मुलं राजे होतील. "पहिला ते छातीशी धरतो आणि खुनापर्यंत जातो," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्याला त्या गोड बोलण्याचीच भीती वाटते. मग दोष चेटकिणींचा का?" मी म्हटलं, "मला चेटकीण करा, मग सांगते."

वसतिगृहाची विहीर आटली होती. पाण्याची सोय झाली नाही तर परीक्षेआधीच मुलींना घरी पाठवा, असा वरून निरोप होता. घरी म्हणजे कुठे? शिरूर कासारकडच्या मुलींची घरं कुलूपबंद होती, आईबाप ऊसतोडीला गेलेले. मुलींना थेट फडात जावं लागलं असतं, आणि हातात कोयता आलेली मुलगी वर्गात परतत नसे. म्हणून तुम्ही नाटकाला सहकारी साखर कारखान्याचे दोन संचालक बोलावलेत. दोघे लहानपणचे मित्र, आणि दोघांनाही चेअरमन व्हायचं होतं. त्यांतल्या थोरल्यांचा स्वतःचा टँकर होता. तो मागायला तुम्ही त्यांच्या दारी कितीदा जाऊन आला होतात!

नाटक संपलं आहे. घोंगडी पांघरून, नाटकातल्या चेटकिणींना असते तशी अंबाडीच्या दोरांची दाढी लावून मी पडद्यामागे उभी आहे. थोरले पाहुणे आत येतात, इकडेतिकडे बघून हळूच विचारतात, "पोरी, आमचं बी सांग की. खुर्ची मिळंल का न्हाई?"

त्यांचे मित्र मागून हसतात. "लेकराला काय इचारतो बे? दाढी बघ तिची, गळून पडायला लागली!"

"तू गप रे. बोलू दे तिला."

मी डोळे फिरवले, आवाज घोगरा केला. "मिळंल. पन ह्या हिरीत पानी पडल्याबिगर न्हाई."

थोरल्यांनी चक्क हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर फाटकात उभा होता.

तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत. "पाणी माणसाच्या तोंडानं मागायचं. चेटकिणीच्या का?"

"माणसाच्या तोंडानं तुम्ही मागून पाहिलंत की, सिस्टर."

तुम्ही चुलीकडे वळलात. पण तुमचे खांदे हलत होते, ते मला दिसलं.

मग थोरले निवडणूक हरले आणि टँकर बंद झाला. ड्रायव्हर सांगून गेला, "मालक म्हनले, चेटकीण लई खोटारडी निघाली." तुम्ही मुलींच्या ट्रंका बाहेर काढायला लागलात. ट्रंका अंगणात असतानाच ते दुसरे, नवे चेअरमन, आले. "तुमची दाढीवाली कुठंय?" मी पुढे झाले. "माजा असल्यावर इश्वास न्हाई, पोरी. तवा बी नव्हता. पन तुमी तान्हेल्या हाय, हे दिसतंय की डोळ्यानं." त्यांच्यामागे कारखान्याचा टँकर फाटकातून आत येत होता. आम्ही सगळ्या परकर सावरत, ओरडत धावलो. सगळ्या परीक्षेला बसलो, सिस्टर. त्या वर्षी एकीच्याही हाती कोयता आला नाही.

आता या वयात मी घरातली आवराआवर करते आहे. तुमच्या पेन्सिलीच्या खुणा असलेलं नाटकाचं पुस्तक वसतिगृहाला द्यायचं, तिथे अजून मुली आहेत. ते सूप माझ्या सुनेला. घोंगडी नातीला, कारण घरात डोळे फिरवते ती तीच. हे पत्र मात्र कोणालाच नाही, ते तुमचंच. चेटकीण झाल्यावर सांगेन म्हटलं होतं, ते आज सांगते. "मिळंल" म्हणताना माझ्या अंगावर काटा आला होता, सिस्टर. त्या क्षणी मलाही ते खरं वाटलं होतं, आणि फार आवडलं होतं.