पाणी न मागणारी झाडं

१७ मे

चि. ठेंगूस,

आजीचे आशीर्वाद आणि पाठीत एक हलकासा धपाटा. इकडे सगळं ठीक. तिकडे तूही ठीक असशील असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस. पत्र नेहमीप्रमाणे शेजारची शिंपीणबाई लिहिते आहे. तिला बजावलंय, मी बोलेन तेवढंच लिहायचं, पदरची झालर लावायची नाही. (आत्ता हसली. हसलीस ते नको लिहूस गं बाई.)

तू पाठवलेल्या बियांची खबर आधी देते. सगळ्या उगवल्या. मागच्या अंगणात पाणी घातल्यावाचून दगडगोट्यांशिवाय काही टिकत नव्हतं, तिथे चांदीची भांडी घासून पालथी घातल्यासारखं दिसत होतं. पानांवर मऊ पांढरी लव, मांजराच्या कानावर असते तशी. फुलंही आली, पिवळी, सदऱ्याच्या बटणाएवढी. शिंपीणबाई म्हणाली, "आजी, नातीने तुमच्या केसांना मॅचिंग पाठवलंय." म्हटलं, "माझे केस निदान तेल तरी मागतात. ही बया काहीच मागत नाही."

"दिसत होतं" म्हटलं, ते तुझ्या लक्षात आलं असेलच. लहानपणापासून तुझे कान तिखट.

तर नळाजवळची ओळ गेली. मला वाटलं, पानांवर भुरी पडली, रोगच तो. बादलीत साबणाचं पाणी केलं, जुनं फडकं घेतलं आणि एकेक पान पुसून काढलं. खालून छान हिरवं निघालं. मी खूश. मग ऊन तापलं आणि सगळी ओळ करपली. ती लव म्हणजे त्यांची छत्री होती.

इथे शिंपीणबाईने पेन खाली ठेवलं. म्हणते, "आजी, बियांबरोबर आलेली नातीची चिठ्ठी मीच वाचून दाखवली होती ना? पानं पांढरीच असतात, असं तिने स्वच्छ लिहिलं होतं." आता लिहिणारीच साक्षीदार निघाली तर माझं काय चालणार? बरं, लिही.

रोग नाही, हे मला ठाऊक होतं. पाणी नको, खत नको, हात लावू नकोस, आजी, तू आराम कर, असं तू कळवलंस. आराम काय गं, सकाळचा चहा होईतो करून संपतो. मग मी बसून बघायची आणि ती सगळी माझ्यावाचून मजेत. कुणाचं तरी तोंड पुसावंसं वाटलं, पुसलं.

पूर्वी टोमॅटो होते तेव्हा पाण्याला जरा उशीर झाला की रुसून माना टाकायचे. उन्हाळ्यात मी एकटी बादल्या ओढते म्हणून तू सुट्टी काढून यायचीस. अर्धं पाणी झाडांना, अर्धं माझ्या अंगावर, आणि वर मलाच रागवायचीस, मध्ये कशाला उभी राहिलीस म्हणून.

यंदा बाग पाणी मागत नाही. यंदा तू आली नाहीस. तुझं काही चुकलं नाही. माझे कष्ट वाचावेत म्हणूनच शोधून शोधून पाठवलंस. वाचले. आता त्या वाचलेल्या कष्टांचं करू काय?

खरं तर कळवणार होते की पाइप फुटलाय, भिंत कललीय, माझा गुडघा गेलाय. शिंपीणबाईलाही तसं पढवून ठेवलं होतं. पण तू येशील, पाइप बघशील, "धड तर आहे" म्हणशील आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

भिंतीकडची झाडं उभी आहेत. बी धरलंय, पानं गळतायत. वर्षाचीच वस्ती त्यांची.

तुझ्यासाठी इथे काही काम नाही, ठेंगू. गुडघाही ठणठणीत आहे. नुसती ये.

शिंपीणबाईने त्यापुढे "सवडीने" असं लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलंय.

वाट बघणारी,
आजी