शून्य म्हणजे उत्तम

३ नोव्हेंबर, रविवार
वजन ६१. डॉक्टर याला हार्ट फेल्युअर म्हणतात. मी थकवा म्हणते. संकल्प: मीठ बंद, पाणी दीड लिटर, रोज वजन. लघवीची गोळी आज घेतली नाही. चर्चमध्ये पाळकांचा उपदेश पाऊण तास चालतो आणि मधूनच बाकावरून उठणं शोभत नाही. उद्यापासून नियमित.

५ नोव्हेंबर
वजन ६२.५. काटा जुना झाला आहे.
रांजणगावहून ब्लेसनचा फोन. तळमजल्यावरची खोली तुझ्यासाठी रिकामी ठेवली आहे, आता आमच्याकडे ये, म्हणाला. मी म्हटलं, शिरूरला माझं उत्तम चाललंय. मुलाच्या घरी पाहुणी होऊन राहणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. बरं, मग दवाखान्यातली सिस्टर फॉर्म भरून घेईल, त्यावरून ठरवू, म्हणाला. ठरवू दे. परीक्षेत मी कधी दुसरी आले नाही.

८ नोव्हेंबर
सिस्टर ज्ञानेश्वरी फॉर्म घेऊन आली. एकवीस प्रश्न. त्रास अजिबात नसेल तर शून्य, फार असेल तर पाच.
जिना चढताना? शून्य. (दोनदा थांबते, पण ते खिडकीतून नदी दिसते म्हणून.) झोप? शून्य. (तीन उशा लागतात. घरात आहेत तर वापरू नयेत का?) घरच्यांवर आपलं ओझं होतं असं वाटतं का? इथे चष्मा पुसला. शून्य.
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगाथा म्हणायच्या, प्रश्न कोरा सोडणं हा आळस. त्यांचा कडक इस्त्रीचा पांढरा झगा, मैदानातली चिंच, दोरीवरच्या शंभर उड्या, न थांबता. बराच वेळ आठवत बसले.
ज्ञानेश्वरी गेल्यावर सरूबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, "बाई, पायावर बोट दाबलं तर खड्डा पडतुय, आन् तुमी शून्य सांगताय व्हय?" चपला घट्ट आहेत, म्हटलं.

१४ नोव्हेंबर
वजन ६४. काटा बदलायलाच हवा. गोळी दोनदा राहिली: एकदा महिला मंडळ, एकदा यवतचं लग्न. लग्नात लोणच्याची एकच फोड घेतली. दुसरी वाढणाऱ्याने टाकली.
ब्लेसनच्या त्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे. पडद्याचं माप विचारून ठेवावं. सहज.

२० नोव्हेंबर
निकाल! सगळ्या पेशंटांत माझा स्कोअर सर्वांत चांगला. ब्लेसनला लगेच कळवलं. वा आई, म्हणाला. मागून सून जॉयसचा आवाज: "मग त्या खोलीत माझं शिलाई मशीन लावते हं." लाव की, म्हटलं. नंतर जेवण गेलं नाही. आनंदाने होतं असं.

२३ नोव्हेंबर, सकाळी
वजन केलं नाही.
ब्लेसनचा फोन. मशीन आज येतंय, शेवटचं विचारतो, खरं सांग आई, यायचंय का तुला? मी नुकतीच दारातून दुधाची पिशवी घेऊन आले होते. हो म्हणणार होते. फक्त आधी श्वास घ्यायला थांबले.
"कळलं," तो म्हणाला. "तुझी मर्जी." फोन ठेवला.
परत लावला नाही. त्याची शिफ्ट सुरू झाली असेल.
खुर्चीत बसले. धाप ओसरल्यावर मोठ्याने म्हटलं, हो.
मोरीतून सरूबाईंनी विचारलं, "कुणाला हो म्हणताय, बाई? हितं कोण हाय?"